अतीत म्हणजे कोण?





गेल्या जयंतीला पाळणा झाला, आरती झाली, आणि प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे कॉलेजात शिकणारा एक मुलगा उभा होता. मागे वळून म्हणाला, "काका, आरतीत महाराजांना त्रिगुणात्मक म्हणायचं, आणि सकाळी कीर्तनात बुवा म्हणाले त्रिगुणातीत. यातलं खरं कुठलं? तीन गुण आहेत की नाहीत?" तेवढ्यात रांग सरकली, त्याच्या द्रोणात शिरा पडला आणि तो गेला. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची ही खोडच असते. एकाच खात्याला दोन वह्यांत दोन आकडे दिसले की ताळा लागेपर्यंत घरी जाववत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संस्कृत शाळेत शिकलो तेवढंच. पण आमच्या देवळात रोज संध्याकाळी संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक येतात. वर्षभर त्यांच्यामागे भुणभुण केली, घरातल्या पोथ्या पुन्हा काढल्या, आणि जे हाती लागलं ते आपल्या वार्षिकासाठी लिहून काढलं. मोठ्या अधिकारी पुरुषांचं हे प्रवचन नव्हे. एका फिरस्त्या शब्दाचा मागोवा आहे, एवढंच समजा.

शब्द आहे 'अतीत'. अति अधिक इत. 'इ' हा इवलासा धातू, त्याचा अर्थ जाणे. इत म्हणजे गेलेला, आणि अति म्हणजे पलीकडे. पलीकडे गेलेला तो अतीत. हाच 'अति' आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. अंताच्याही पलीकडे ते अत्यंत. रेषा ओलांडून पाऊल टाकलं की अतिक्रमण. हा शब्द तर आपल्याकडे टपरीवाल्यांपासून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आता गंमत बघा. अतिक्रमण करणारा हद्द ओलांडतो आणि अतीतही हद्द ओलांडतो. पहिल्याला नोटीस येते, दुसऱ्याच्या आपण पाया पडतो. असं का? पहिला पुढे सरकतो तो जागा धरायला. दुसरा पुढे जातो तेव्हा त्याची होती ती जागासुद्धा मोकळी करून जातो.

नातवंडांना विचारलंत तर ती सांगतील, अतीत म्हणजे भूतकाळ. हिंदी मालिकांची कृपा. पण तेही चूक नाही. संस्कृतातसुद्धा तो अर्थ आहे. काळ आपल्याला ओलांडून पुढे गेला म्हणून तो अतीत झाला.

गुरुजींनी मला पाणिनीचं एक सूत्र दाखवलं. द्वितीया तत्पुरुष समास कुठल्या शब्दांशी होतो याची त्यात यादी आहे आणि त्या यादीत 'अतीत' आहे. 'त्रिगुणातीत' हा समास त्याच नियमाने होतो. त्या सूत्रावर काशिका नावाची जुनी टीका आहे. तिने अतीतचं उदाहरण दिलंय ते 'कांतारातीत'. कांतार म्हणजे घोर अरण्य. अरण्य ओलांडून पलीकडे पोचलेला माणूस तो कांतारातीत.

हे उदाहरण ऐकलं आणि मला माझा ताळा लागल्यासारखं झालं. अरण्य ओलांडायचं तर अरण्यातूनच जावं लागतं. काटे पायात मोडतात, रात्र होते, वाट चुकते, जनावराची भीती असते. एवढं सगळं झाल्यावर पलीकडचा उजेड दिसतो. जो अरण्यात शिरलाच नाही तो अरण्याबाहेर असेल, पण त्याला कुणी कांतारातीत म्हणणार नाही. 'अ' आणि 'अति' यांत हाच फरक आहे. अगुण किंवा निर्गुण म्हणजे गुण नसलेला. गुणातीत म्हणजे गुणांमधून चालत जाऊन पलीकडे निघालेला. दत्तमहाराजांची तीन मुखं ब्रह्मा, विष्णू, महेश यांची, म्हणजे रज, सत्त्व, तम यांची. ती तिन्ही त्यांच्या अंगावर उघड दिसतात म्हणून नाथांनी आरतीत त्रिगुणात्मक म्हटलं. आणि तिन्ही अंगावर असून पाय कुठल्याच एकात अडकलेला नाही म्हणून कीर्तनकार बुवा त्रिगुणातीत म्हणाले. एकाच खात्याची जमेची बाजू आणि नावेची बाजू म्हणा हवं तर. निदान मला तरी असं कळलं. त्या मुलाला हे वाचायला मिळावं.

आणि चालणं म्हटलं की दत्तमहाराजच. बाकीच्या देवांकडे आपण जातो. हा देव स्वतः फिरत असतो. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात, निद्रा माहूरगडावर, असा त्यांचा दिनक्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून अतीत हा चालणाऱ्याचा शब्द या चालत्या देवाला फार शोभतो.

गीतेच्या चौदाव्या अध्यायात अर्जुन अगदी व्यवहारी माणसासारखं विचारतो की, हा गुणातीत ओळखायचा कसा? त्याची खूण काय, तो वागतो कसा? भगवंतांनी जी लक्षणं सांगितली त्यातलं एक असं की त्याला ढेकूळ, दगड आणि सोनं सारखंच. मी काही वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर होतो. शेजारी सराफ बसलेला, कसोटीचा दगड, काटा, आणि समोर गळ्यातलं काढून ठेवणारी बाई. तिथे मी ढेकूळ आणि सोनं सारखं मानलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात मेमो आला असता! तेव्हा संसारी माणसाने हे लक्षण वाचून घाबरून जायचं कारण नाही. अध्याय संपायच्या आधी भगवंत सोपी वाटही सांगतात. अढळ भक्तीने जो माझी सेवा करतो तोही हे गुण ओलांडतो, असं त्यांचं आश्वासन आहे. प्रश्न एवढाच उरतो की घरात, गावात बसलेल्या माणसाने ही सेवा नेमकी कुठे करायची.

इथे मला आमच्या आज्या-पणज्यांचं कौतुक वाटतं. संस्कृतातला हा भारदस्त शब्द त्यांनी कुठे आणून ठेवला बघा. थेट घराच्या उंबऱ्याशी! 'अतीत-अभ्यागत आला तर विन्मुख जाऊ नये', हे वाक्य ज्यांनी लहानपणी ऐकलं नाही असे माझ्या वयाचे वाचक थोडे असतील. घरदार ओलांडून गेलेला गोसावी तो अतीत. तो दुपारी दारात येणार, म्हणून दारात आलेला परका माणूस तो अतीत. शिवाय अतिथी हा शब्द कानाला जवळचा, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळले. अतिथी मुळात वेगळा. त्याची एक फोड करतात ती अशी की, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. दुसरी अशी की, 'अत्' म्हणजे सतत चालत राहणे, या धातूपासून तो आला. कुठलीही घ्या, हाही चालणाराच. मनुस्मृतीत अतिथीची व्याख्या एक रात्र राहणारा अशी केली आहे. दुसऱ्या रात्री तो पाहुणा झाला म्हणायचा!

पण मला जास्त विचार करायला लावला तो 'अभ्यागत' या जोडीदाराने. अभि, आ, गत. म्हणजे समोर आलेला. अतीत म्हणजे पलीकडे गेलेला. पलीकडे गेलेला आणि समोर आलेला, या दोन उलट्या दिशा आपल्या बोलीने एका जोडशब्दात बांधल्या आणि दोन्ही मिळून दारातल्या एकाच माणसाला दिल्या. व्याकरण न शिकलेल्या बायकांच्या तोंडी हा शब्द रुळला. सगळं दत्तचरित्र त्यात आहे, असं मी म्हटलं तर फार झालं असं वाटू देऊ नका. आपल्या कथाच काढून बघा.

अत्रि ऋषींच्या नावापासून सुरुवात करू. प्रवचनात अ-त्रि म्हणजे तीन गुणांपलीकडचे अशी फोड नेहमी सांगतात. ती गोड आहे, भक्तीला धरून आहे. पण बृहदारण्यक उपनिषदाने या नावाचा संबंध जोडला आहे तो खाण्याशी. 'अद्' म्हणजे खाणे, त्यावरून अत्ति, आणि अत्तीचाच अत्रि. म्हणजे आपल्या दैवताच्या वडिलांच्या नावातच अन्न आहे. आई अनसूया, जिच्या मनात असूया नाही ती. आणि तिघे देव तिच्या आश्रमात आले ते कशाला? भिक्षा मागायला. तीसुद्धा अशी मागितली की बाईमाणसाची मर्यादाच ओलांडायला लावणारी. त्या माउलीने मर्यादाही राखली आणि अतीतालाही विन्मुख पाठवलं नाही. तिने मागणाऱ्यांनाच तान्हं करून टाकलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिन्हीसांजेला आपण पाळणा म्हणतो तो याच घरातला.

आता श्रीगुरुचरित्रातली सुमतीची कथा. पीठापूरच्या आपळराजाची ही पत्नी. घरात श्राद्ध होतं. स्वयंपाक तयार, ब्राह्मण अजून जेवायचे होते, आणि भर दुपारी दारात अतीत उभा राहिला. शास्त्र काय सांगतं ते तिला ठाऊक होतं. श्राद्धाचे ब्राह्मण जेवण्याआधी त्या अन्नातलं कुणाला द्यायचं नसतं. तरी तिने भिक्षा घातली. तेव्हा दत्तप्रभूंनी आपलं खरं रूप दाखवलं आणि तिला जननी म्हणून हाक मारली. त्या बाईची बुद्धी बघा. वर मागताना तिने धन मागितलं नाही. आत्ता मला जननी म्हणालात ना, तो शब्द खरा करा, असं म्हणाली. तिच्या पोटी श्रीपाद श्रीवल्लभ आले. आपल्या संप्रदायातला कलियुगातला पहिला अवतार असा एका अवेळी घातलेल्या भिक्षेतून आला आहे.

ही कथा मी कितीदा ऐकली असेल, पण ती मला समजली ती आमच्या घरात. मी तेव्हा आठवीत होतो. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. आजोबांचं श्राद्ध पौषात यायचं, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. पानं मांडलेली, वडे तळून झालेले, खीर उतरवलेली, आणि ब्राह्मण मागच्या दारी पाय धूत होते. एवढ्यात एक ऊसतोडीवाली बाई पाणी मागायला पुढच्या दारात आली. पाठीला बांधलेलं पोर तापलेलं, अंगावर पाचटाची कुसं. आईने तिला पाणी दिलं, पोराच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि आत येऊन मुकाट्याने एक पान वाढायला घेतलं.

आजी सोवळ्यात होती. म्हणाली, "अगं थांब, आधी पितरांचं होऊ दे. मग काय ते वाढ."

आई म्हणाली, "सासूबाई, तिची टोळी पुढं चाललीय. मग कुणाला वाढू?" आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "सुमतीच्या दारात आले तेव्हा तिनं कुठं थांबवलं?"

आमच्याकडे पारायण वडील करायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकायची. तिने काय ऐकलं ते त्या दिवशी कळलं. सोप्यावर त्या बाईचं जेवण झालं. पोराला आईने वाटीभर खीर भरवली. ब्राह्मणांपैकी जे वयस्कर होते ते काहीच बोलले नाहीत, हातपाय पुसून ओसरीत बसून राहिले. ती बाई उठून गेल्यावर म्हणाले, "हं, आता आमचं वाढा." श्राद्ध यथासांग झालं. पण आजीचं समाधान झालं नाही ते नाहीच. नवऱ्याच्या दिवशी त्याच्याआधी कुणी जेवलं हे तिला लागलं. पुढे कितीतरी वर्षं ती ते काढत असे, आणि आई ऐकून घेत असे. मी दोघींपैकी कुणाला चूक म्हणणार नाही. आजीने जी रेषा धरली होती ती तिच्या मायेचीच होती.

हे सांगायचं कारण असं की अलीकडे काही लोक अशा कथा सांगून म्हणतात, बघा, शास्त्र-नियम सगळे फोल, देवाला काही लागत नाही. सुमतीने श्राद्ध मोडलं नाही हो! अतीताला भिक्षा घालून तिने उरलेलं कार्य पुरं केलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. अवधूत या शब्दातला 'धू' म्हणजे झटकणे. ज्याने सगळं झटकून टाकलं तो अवधूत. अशा झटकून मोकळ्या झालेल्या पुरुषाने गुरू केलाय कुणाला, तर समुद्राला! पावसाळ्यात सगळ्या नद्या येऊन मिळाल्या तरी जो फुगून मर्यादा सोडत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या तरी जो सुकत नाही, त्या समुद्राला. हद्दीपलीकडे गेलेल्याने हद्द पाळणाऱ्याकडून धडा घेतला. आणि मधमाशीकडून घेतला तो थोडं थोडं अनेक ठिकाणाहून घेण्याचा. आपली माधुकरी ती त्या मधुकराचीच. एकाच दारावर भार टाकायचा नाही, उद्यासाठी साठवायचं नाही.

आमच्या बँकेच्या भाषेत मर्यादेला लिमिट म्हणतात. कॅश क्रेडिटचं लिमिट, सोनेतारणाचं लिमिट. समोरचा व्यापारी चहा पाजून सांगणार, "साहेब, तेवढं लिमिट वाढवून द्या." वाढवून मिळालं की दोन वर्षांनी पुन्हा तेच. लिमिट वाढलेला माणूस लिमिटच्या पलीकडे गेलेला मी पाहिला नाही. आपल्या नवसांचंही बरंचसं असंच असतं, हे देवळाच्या पायरीवर बसलं की ऐकू येतं. अमरापूरच्या घेवड्याच्या वेलाची कथा आठवा. गरीब ब्राह्मणाच्या घरी नृसिंह सरस्वती भिक्षेला आले. घरात धान्य नव्हतं, म्हणून दारातल्या वेलाच्या शेंगांची भाजी त्यांना वाढली. ते तृप्त झाले आणि जाताना तो वेलच तोडून गेले. घरच्यांवर आकाश कोसळलं, कारण तेवढ्यावर तर त्यांचं पोट होतं. मग वेलाचं मूळ खणताना द्रव्याचा घडा सापडला. आपण ही कथा सांगताना घड्यापाशी घाई करतो. मला मधली ती वेळ जास्त मोठी वाटते, जेव्हा वेल तुटलाय आणि घडा अजून सापडलेला नाही. गुरुचरित्र म्हणतं की त्या वेळीही त्या ब्राह्मणाने अतीताला दोष दिला नाही.

याच शब्दाची दुसरी, फार कठीण कथा आपल्या बारामतीत लिहिली गेली आहे. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत शके १६४० मध्ये इथे पुरं केलं. ग्रंथात त्यांनी गावाला द्वादशमती म्हटलंय आणि कऱ्हेला ब्रह्मकमंडलू. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि त्यातून ही नदी निघाली, अशी आख्यायिका आहे. शेवटच्या, चौदाव्या अध्यायात श्रियाळ-चांगुणेची कथा येते. दारात शंकर अतीताच्या वेषात येतो आणि चिलयाच्याच मांसाचं भोजन मागतो. श्रावणात आमच्याकडे बायका ही कथा ऐकायच्या तेव्हा सगळ्यांचे पदर डोळ्यांना असायचे. खरं सांगतो, ही कथा मला आजही सोसत नाही. शेवटी मूल परत मिळतं हे ठाऊक असूनही सोसत नाही. अतीताला किती द्यायचं याची अखेरची रेघ तिथे ओढली आहे, आणि ती रेघ आपल्यासाठी नाही असंच मी धरून चालतो. आपल्या दारात येणारा फार तर भाकरी मागतो, तांब्याभर पाणी मागतो.

तो कुठल्या वेषात येईल याचा मात्र नेम नाही. जनार्दनस्वामी आणि नाथमहाराजांना दत्तप्रभू मलंग फकिराच्या वेषात दिसले, असं चरित्रात सांगतात. कुणाला तो ओळखू आला, कुणाला नाही. गाणगापूरला तर आजही दुपारी महाराज भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे. म्हणून तिथे माधुकरी मागणारे आणि घालणारे दोन्ही उभे असतात. त्या गर्दीत महाराज कुठल्या बाजूला असतील ते कुणी सांगावं! तिथल्या पादुकांना आपण निर्गुण पादुका म्हणतो. गुण नाही, पण पाऊल आहे.

आणि गाणगापूर आपल्याला लांब वाटत असलं तरी पाण्याला ते लांब नाही. आपली कऱ्हा सोनगावाशी नीरेला मिळते. नीरा पुढे नरसिंहपुराला भीमेत जाते. ती भीमा पंढरपूर करून गाणगापूरला अमरजेच्या संगमावर पोचते. बारामतीच्या घाटावर कुणी ओंजळ सोडली तर ती चालत चालत महाराजांच्या स्नानाच्या जागी जाणार. कऱ्हेला पाणी असलं तर, हे मात्र खरं! आषाढीला तुकोबारायांची पालखी याच वाटेने येते. बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, मग सराटीला पादुकांचं नीरास्नान, आणि नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. त्या आठ दिवसांत आपल्या दोन्ही तालुक्यांत अतीत-अभ्यागताला काही कमी पडत नाही. पिठलं-भाकरीपासून पायाला तेल लावण्यापर्यंत सगळं घरोघर होतं. तिथी ठरलेली असते, वर्दी आधी आलेली असते, वारकरी ओळखीच्या दिंडीचे असतात.

बिनतिथीचं काय? आता बऱ्याच जणांची घरं फ्लॅटमध्ये आहेत. खाली वॉचमन, वर दाराला डोळा. दुपारी बारा वाजता कुणी दारात आलंच तर पार्सलवाला. त्याला तोंडावर पाणी विचारणारी घरं आहेत, मी पाहिली आहेत. पण मागायला येणारा आपल्या जिन्यापर्यंत पोचतच नाही. अतीताने उंबरा ओलांडायचं बंद केलंय, तेव्हा आपल्यालाच तो ओलांडून बाहेर जावं लागणार, असं माझ्या मनाने घेतलं.

आणि बाहेर कोण आहे ते दत्तजयंतीच्या सुमाराला आपल्या भागात निराळं सांगायला नको. कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. बीडकडून, नगरकडून टोळ्या आलेल्या असतात. कालव्याच्या कडेने, रानात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड चालू. घरदार, गाव, जिल्हा ओलांडून आलेली ही माणसं सहा महिने आपल्या शिवारात असतात आणि आपल्या देवळात फारशी दिसत नाहीत. यंदा मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. महाप्रसादाला त्यांना बोलवा, एवढंच माझं म्हणणं होतं. एकाने खर्च काढला, दुसऱ्याने गर्दी. ते हिशेब मी मांडून दाखवले, ते काम मला येतं. पण खरी अडचण सांगितली ती प्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्या वहिनींनी. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोलवाल हो, पण ती येणार कशी? जन्म तिन्हीसांजेला. तेव्हा त्यांच्या गाड्या भरायच्या असतात. बाया अंधारात कोपीवर येऊन चूल पेटवणार. त्यांना पंगतीला बसवायचं तर त्यांचा रोज बुडतो." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "आपणच दुपारी फडावर जाऊ."

तसं ठरलं आहे. जयंतीच्या दिवशी देवळातला नैवेद्य बाराला होईल. त्यानंतर पहिली पातेली टेम्पोत चढतील आणि मग देवळातली पंगत बसेल. पंगतीला साधारण तासभर उशीर होणार, तो वयस्कर मंडळींनी आणि मधुमेहाच्या लोकांनी घरी थोडं खाऊन येऊन सांभाळून घ्यावा. बाजरीच्या भाकरी घरोघरून हव्या आहेत. चपात्या नकोत, त्या गार झाल्या की चिवट होतात. ज्यांना देता येतील त्यांनी आदल्या दिवशी आकडा सांगावा. सोबत लहान पोरांसाठी खीर असेल. वाढायला चार बायका आणि चार पुरुष लागतील. उसाची कुसं लागतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालून या.